घरच्या आर्केड कॅबिनेटला फ्लेक्स चिकटवू नका

लातूरहून विचारणा आलीय, ती थोडक्यात अशी: "१८ मिमी प्लायचं उभं आर्केड कॅबिनेट, म्हणजे पार्लरमधल्या व्हिडिओ गेमसारखी पेटी, सुताराकडून करून घेतलंय. आत रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आणि १९ इंची जुना चौकोनी मॉनिटर आहे. दोन्ही बाजू, वरची पाटी आणि कंट्रोल पॅनल यांना चित्रं लावायची आहेत. गल्लीतला बॅनरवाला म्हणतो, फ्लेक्स छापून फेविकॉलनं चिकटवून देतो, दोन तासांचं काम. करू का?"

नका करू. फ्लेक्स म्हणजे आत जाळीचं कापड आणि वरून पीव्हीसी. भावी सरपंचांचा फोटो चौकात पंधरा दिवस टिकावा आणि लांबून ओळखू यावा, एवढ्यासाठी तो असतो. हातभरावरून पाहिलं की त्याची वीण दिसते. लाकडावर तो सपाट बसत नाही आणि कडेला दुमडला की घडीवर रंग तडकतो. तुम्हाला हवंय चिकट पाठीचं व्हिनाइल, म्हणजे स्टिकरचं प्लास्टिक, आणि ते चिकटण्याजोगं लाकूड. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं.

मी मूळचा पेंटर. जालन्यात शटर, दुकानाच्या पाट्या आणि ट्रकच्या मागच्या फळ्या रंगवत होतो. फ्लेक्स आल्यावर ब्रश बाजूला ठेवून कॉम्प्युटरवर चित्र काढायचं कोरल सॉफ्टवेअर शिकलो. गेल्या काही वर्षांत अशी नऊ कॅबिनेटं सजवली. त्यांतली पहिली दोन बिघडली, आणि दोन्ही वेळा चित्रात काही खोट नव्हती. त्यामुळे चित्राकडे येण्याआधी थोडं मापाबद्दल.

सुताराच्या नकाशातली मापं धरून फाइल करू नका. कॅबिनेट आडवं पाडा, बाजूवर खाकी कागद अंथरा, कडेनं पेन्सिल फिरवा. मग दुसऱ्या बाजूला वेगळा कागद. दोन्ही एकमेकांवर ठेवून बघा, तंतोतंत जुळणार नाहीत. माझ्या एका कामात उजवी बाजू डावीपेक्षा ६ मिमी रुंद निघाली. सुतार म्हणाला, "एवढं तर चालतंय की." लाकडात चालतं. छापील चित्रात कडेची रेघ एका बाजूला दिसते आणि दुसरीकडं गायब होते. म्हणून दोन बाजूंच्या दोन फाइली करा, आणि प्रत्येकीला चारही बाजूंनी अडीच सेंटिमीटर जादा रंग सोडा. हे जास्तीचं शेवटी ब्लेडनं उडवायचं असतं.

दुसरी बाजू करताना चित्र आरशासारखं उलटवावं लागतं. अक्षरं मात्र उलटवायची नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी रात्री दोन वाजता फाइल पाठवताना सगळेच विसरतात.

आता चित्र. कुठला भाग किती लांबून बघितला जाणार, हे आधी ठरवा. बाजूचं चित्र दारातून आत येणारा माणूस बघतो. वरची पाटी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता यायला हवी. कंट्रोल पॅनल दीड फुटावरून दिसतं आणि त्यावर घामेजले तळवे घासतात. स्क्रीनभोवतीची चौकट कुणाला दिसूच नये, कारण खेळताना नजर तिच्यावर गेली तर ती चुकलीच म्हणायची. या चारही जागांना एकच चित्र कापून-जोडून लावलं, तर एकही जागा नीट होत नाही.

बाजू १७० सेंमी उंच आणि ६० सेंमी रुंद धरली, तर इंचाला १०० पिक्सेलच्या हिशेबानं साधारण ६७०० बाय २३६० पिक्सेलचं चित्र लागतं. बाजूला एवढं पुरतं. पॅनलला आणि पाटीला मात्र ३०० ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं १६०० पिक्सेल लांबीचं चित्र १७० सेंमीवर ताणलं, तर इंचाला जेमतेम २४ पिक्सेल उरतात. फोनवर झकास दिसतं आणि छापून आलं की चेहऱ्याची भाकरी झालेली असते. शक्य तेवढं काम इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये रेषांनी करा, म्हणजे आकार कितीही वाढवला तरी चित्र फुटत नाही.

रंग कमी ठेवा. हे मी पेंटर म्हणून सांगतोय, पण जुनी आर्केड कॅबिनेटंही हेच सांगतात. १९८० चा पॅक-मॅन अमेरिकेत मिडवे कंपनीनं विकला, त्या कॅबिनेटचा पाया सरळ पिवळा होता आणि त्यावर मोजक्या रंगांची स्टेन्सिल होती. प्रत्येक रंगाला वेगळी स्टेन्सिल किंवा वेगळी स्क्रीन लागायची, म्हणून रंग मोजून वापरले जायचे. त्या कंजुषीमुळेच ती चित्रं अजून लांबून ओळखू येतात. १९८१ च्या डाँकी काँगच्या बाजूला तर सगळी बाजू झाकलेलीच नव्हती. रंगवलेल्या फळीवर वरच्या भागात स्टिकर, संपलं. तुम्हीही तसं करू शकता. बाजू एका रंगात रंगवायची आणि वर एकच मोठी आकृती रेडियमवाल्याकडून कापून लावायची. गाड्यांवरची अक्षरं आणि चित्रं कापून देणाऱ्या रेडियमवाल्याकडं कटिंग प्लॉटर असतो, आणि त्याचं रंगीत व्हिनाइल छापील रंगापेक्षा जास्त ठसठशीत दिसतं. पहिलंच कॅबिनेट असेल तर मी हाच रस्ता सुचवीन.

आपल्याकडच्या पार्लरमधल्या मशिनींना बाजूचं चित्र क्वचितच असायचं. प्लायची पेटी, वर लाकडी छापाचा मायका, पत्र्याचं पॅनल, आणि बाहेर ब्रशनं लिहिलेली 'व्हिडिओ गेम' अशी पाटी. तशा दोन पाट्या मीही रंगवल्यात. त्यामुळे लहानपणीची मशीन जशीच्या तशी हवी असेल, तर चित्रकामाचा प्रश्न मायकावरच मिटतो. तुम्ही विचारताय त्याअर्थी तुम्हाला सजवायचंय. मग मराठवाड्यात बसून अमेरिकेतल्या पेटीची नक्कल कशाला?

पैठणीचा पदर घ्या. पैठणीतला मोर छापलेला नसतो आणि भरतकामही नसतं. विणकर छोट्या छोट्या कांड्यांवरचे रंगीत धागे उभ्या ताण्यात एकमेकांत अडकवत, ओळीमागून ओळ, मोर घडवतो. त्यामुळे त्यातली तिरकी रेघ खरं तर पायऱ्यापायऱ्यांची असते. व्हिडिओ गेममधला जुना माणूसही असाच चौकटी-चौकटींनी बनलेला. पैठणच्या मागावरचा बांगडी मोर आणि पडद्यावरचा राक्षस एकाच तऱ्हेनं काढलेले असतात, हे एकदा ध्यानात आलं की कॅबिनेटवर दोघं शेजारी-शेजारी शोभतात. मी असं एक काम केलं. मोर ४८ चौकटी रुंद आणि ६४ चौकटी उंच काढला, आणि छापताना प्रत्येक चौकट १ सेंटिमीटरची केली. बाजूवर तो ४८ बाय ६४ सेंमीचा झाला. खाली आणि पाटीच्या कडेनं नारळी काठ. राणी, मोरपंखी, काळा आणि पिवळा, एवढेच रंग.

जिंप या चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये असं चित्र मोठं करताना इंटरपोलेशन 'नन' ठेवा, नाहीतर चौकटींच्या कडा धुकट होतात. आणि जरीसाठी सोनेरी छटा चढती-उतरती करून लावायचा मोह टाळा. साध्या शाईला सोन्याची चमक येत नाही, ती छटा छापल्यावर शेणकट दिसते. हळदीसारखा सपाट पिवळा घ्या आणि शेजारी काळी रेघ द्या. लांबून डोळा आपणच त्याला जरीकाम समजतो.

स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा आणि निऑन निळा कागदावर येणार नाही. फाइल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, करून बघा, कुठले रंग मरतात ते लगेच कळेल. काळ्या पायासाठी नुसता १०० टक्के काळा देऊ नका, तो छापून करडा येतो. सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या क्रमानं ६०-४०-४०-१०० टक्के द्या. सगळं छापण्याआधी सगळे रंग असलेली फूटभर पट्टी छापून घ्या. छापणारा कुरकुरेल, तिचे पैसे द्या.

अक्षरांचा एक किस्सा सांगितलाच पाहिजे. कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' आपल्याकडं त्या नावानं कुणी ओळखत नाही, तो 'मुस्तफा'. त्यातल्या एका गड्याचं नाव अख्ख्या गेमला चिकटलं. एका गिऱ्हाइकाला वरच्या पाटीवर मराठीत 'मुस्तफा' हवं होतं. मी फाइल पाठवली, पण अक्षरं अक्षरंच ठेवली, आकृतीत बदलली नाहीत. छापखान्यातलं सॉफ्टवेअर जुनं, त्याला युनिकोड जोडाक्षरं कळत नव्हती. पाटीवर आलं 'मुस्‌तफा', स चा पाय मोडलेला. पोरगा म्हणाला, "काका, हे मुस कोण आणि तफा कोण?" चूक माझीच होती. इंकस्केपमध्ये अक्षरं निवडून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करायचं, कोरलमध्ये 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज', आणि त्यानंतरच पीडीएफ. फॉन्ट मोफत आणि चांगले आहेत. जाडजूड गमतीदार हवा तर 'मोदक', गोलसर हवा तर 'बालू', आणि मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला 'यात्रा वन'. पाटीला 'मोदक' उत्तम. फक्त आतल्या फटी बारीक असतात, त्या लांबून बुजतात का ते आधी कागदावर छापून भिंतीला लावून बघा.

गेम कंपनीची मूळ चित्रं घरच्या पेटीपुरती लावणं वेगळं. उद्या अशी कॅबिनेटं करून विकायला लागलात, तर तीच चित्रं कॉपीराइटच्या भानगडीत ओढतील. तेव्हा आपलीच काढा.

आता लाकूड. माझं पहिलं कॅबिनेट एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं होतं. कच्च्या एमडीएफवर मी सरळ व्हिनाइल लावलं. हिवाळा मजेत गेला. मे महिन्यात मालकाचा फोन, "तुमचा वाघ सोलायलाय." जाऊन बघितलं तर व्हिनाइलच्या पाठीला लाकडाचा भुसा चिकटलेला. म्हणजे गोंद सुटला नव्हता, एमडीएफचा वरचा थरच निघून आला होता. कच्चं लाकूड गोंद पिऊन टाकतं आणि वरून भुसभुशीत राहतं.

प्लायला दोन उपाय आहेत. सोपा म्हणजे बाजूंना गुळगुळीत मायका लावून घेणं. खरबरीत, दाणेदार किंवा लाकडाच्या रेषा उठलेला मायका नको, त्याच्या प्रत्येक खड्ड्यात हवा अडकते. मायका एकदम सपाट असतो, पाणी पीत नाही, आणि पुढं चित्राचा कंटाळा आला तर व्हिनाइल काढून दुसरं लावता येतं. दुसरा उपाय रंगाचा. खिळ्यांची भोकं आणि प्लायचे जोड लांबी (पुट्टी) भरून सपाट करा. वाळल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. प्रायमरचे दोन हात द्या, मध्ये २२० नं घासा, शेवटी ३२०. तळहात फिरवून काही जाणवलं, तर व्हिनाइलखाली ते दुप्पट जाणवेल. ऑइल पेंट दिला असेल तर चांगला आठवडाभर वाळू द्या. वरून कोरडा लागला तरी आतून वाफ सोडत असतो, आणि तीच वाफ पुढं बुडबुडे होऊन येते.

हीच वाफ छपाईतही असते. छापणाऱ्याला सांगायचं ते असं: इको-सॉल्व्हंट मशीनवर, पॉलिमेरिक व्हिनाइलवर, वर मॅट लॅमिनेशन. स्वस्तातलं मोनोमेरिक व्हिनाइल उन्हाळ्यात आखडतं आणि कडेला पांढरी रेघ सोडतं. छापल्यावर रोल सैल गुंडाळून उभा ठेवायचा आणि किमान २४ तास, जमलं तर ४८ तास, तसाच सोडायचा. लॅमिनेशन त्यानंतर. "आत्ताच करून देतो" म्हणाला तर नको म्हणा. शाईतलं सॉल्व्हंट आत कोंडलं की गोंद मऊ पडतो आणि कडा वळतात. मी सांगितलेल्या मापाच्या दोन बाजू, जादा रंगासकट, साधारण २५ चौरस फूट होतात. दोन्ही शेजारी-शेजारी छापायच्या तर १३० सेंमी रुंदी लागते. ४ फुटी रोल १२२ सेंमीचा, त्यात त्या बसत नाहीत. एकामागे एक छापून घ्या किंवा ५ फुटी रोल शोधा.

लावायचं कधी? मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये भर दुपारी तर नाहीच. ४० अंशांच्या पुढं व्हिनाइल ओल्या पापडासारखं लोंबतं. लावताना नकळत ताणलं जातं आणि रात्री गार झाल्यावर आखडतं. पहाटे सहा-साडेसहाला लावा. डिसेंबरच्या कडाक्याच्या सकाळी उलट होतं, १० अंशांखाली गोंद धरतच नाही, तेव्हा दुपार बरी. आणि धूळ. अर्धा तास आधी खोलीत सडा टाकल्यासारखं पाणी शिंपडा, पंखा बंद, कूलर बंद. गर्मी सोसा. व्हिनाइलखाली गेलेला एक खडा चित्राच्या बरोबर नाकावरच येतो.

कॅबिनेट आडवं पाडा, बाजू वर. पृष्ठभाग आधी ओल्या फडक्यानं, मग स्पिरिटनं पुसा. चित्र कागदासकट जागेवर ठेवून चारही बाजूंचा जादा रंग सारखा आहे ना ते बघा, आणि बरोबर मधोमध आडवी मास्किंग टेप ताणून लावा. ही टेप म्हणजे बिजागरी. आता वरचा अर्धा भाग उचला, पाठीमागचा कागद टेपपर्यंत सोला, तेवढाच कापून टाका. एकजण तो अर्धा हवेत धरतो, पण ओढायचं नाही, नुसता झेलायचा. दुसरा टेपपासून सुरू करून, कापड गुंडाळलेल्या पट्टीनं मधून डावीकडं, मधून उजवीकडं, एकावर एक थोडी चढवत दाबत जातो. वरचा भाग झाला की टेप काढायची आणि खालचा तसाच. मायका असेल तर पाण्यात शाम्पूचे दोन-तीन थेंब टाकून पृष्ठभाग ओला करता येतो, म्हणजे चित्र सरकवायला मिळतं. रंगवलेल्या लाकडावर हे करू नका. उरलेला बुडबुडा ब्लेडनं कापू नका, सुईनं टोचून बोटानं दाबा. मग कडा. ब्लेड कॅबिनेटच्या कडेला तिरकं टेकवून एका दमात ओढायचं. प्रत्येक बाजूला नवं टोक मोडून घ्या. बोथट ब्लेड व्हिनाइल कापत नाही, ओढतं.

कंट्रोल पॅनलचा क्रम उलटा. भोकं आधी, चित्र नंतर. बटणांची ३० मिमीची भोकं पाडून, एकदा सगळी बटणं बसवून, हात ठेवून खेळून बघा. अंतर चुकलंय हे चित्र लावल्यावर कळलं तर रडू येतं. मग बटणं काढा, प्रत्येक भोकाचा मध्य फाइलमध्ये उतरवा, बटणाभोवतीचं चित्र त्यावर जुळवा. व्हिनाइल लावून झाल्यावर भोकावर फुलीसारखा छेद द्या आणि पाकळ्या आत दाबा, बटणाची कड त्या झाकते. वरून २ मिमी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक बसवलं तर पॅनल वर्षानुवर्षं टिकतं. ट्रॉफी आणि नेमप्लेट करणाऱ्याकडं लेझर असतो, तो भोकांसकट कापून देईल. पॉलिकार्बोनेट जास्त दणकट, पण लेझरनं त्याच्या कडा जळून पिवळ्या पडतात, ते ड्रिलनंच करावं लागतं. अ‍ॅक्रिलिकला घरच्या ड्रिलनं भोक पाडायला जाऊ नका, कडेचं भोक हमखास तडकतं.

वरची पाटी आतून उजळते, तिला साधं व्हिनाइल चालत नाही. बॅकलिट फिल्मवर छापून घ्या, रंग एरवीपेक्षा गडद मागा, कारण उजेड मागे आला की ते फिके पडतात. पुढं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, मध्ये फिल्म, मागं ३ मिमी दुधी अ‍ॅक्रिलिक. मीटरला ६० एलईडींची पट्टी असेल तर दोन दिव्यांत सुमारे १७ मिमी अंतर असतं. दुधी अ‍ॅक्रिलिक पट्टीपासून त्याहून जवळ बसवलं तर पाटीवर दिव्यांचे ठिपके मोजता येतात. पट्टी मागच्या फळीकडं तोंड करून लावा आणि ती फळी पांढरी रंगवा, उजेड परतून सारखा पसरतो. काळ्या भागातून उजेड झिरपत असेल तर फिल्मच्या मागं तेवढ्याच आकाराचं काळं रेडियम कापून लावा.

स्क्रीनभोवतीच्या चौकटीला काळा मॅट कार्डशीट, बास. १९ इंची चौकोनी मॉनिटर ५:४ चा असतो, दिसणारा भाग सुमारे ३७६ बाय ३०१ मिमी. ४:३ च्या तयार चौकटी नेटवर मिळतात, त्या यावर बसणार नाहीत. खालच्या पायपट्टीला चित्र लावू नका. तिथं चपला लागतात, काळा मायका लावून मोकळे व्हा. प्लायच्या कडांना पीव्हीसी एज बँड सगळ्यात शेवटी, व्हिनाइलची कापलेली कड त्याखाली जाईल अशा बेतानं. पहिला आठवडा रोज संध्याकाळी कोपरे बोटानं दाबून बघा. उचलला असेल तर हेअर ड्रायरची थोडी ऊब द्या आणि कापडानं घट्ट दाबून धरा.